पौराणिक कादंबरी, मराठी

रामायण, महाभारत व पुराणे यांतील व्यक्तींना आणि प्रसंगांना आधुनिक जीवनदृष्टीने नवा अर्थ देणारा कादंबरीप्रकार. मूळ कथेची चौकट राखून, जेथे ती मौन धरते तेथे व्यक्तीचे मन उभे करणे, हे त्याचे मुख्य लक्षण होय.

पुराणकथेच्या दीर्घ श्रवणपरंपरेमुळे या कादंबरीस महाराष्ट्रात तयार वाचक लाभला. हिंगोली जिल्ह्यात ही परंपरा ठळकपणे आढळते. तेथील औंढा नागनाथचे यादवकालीन देवालय वनवासात धर्मराजाने बांधले, अशी आख्यायिका आहे. याच जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मस्थान मानले जाते. महाभारत ओवीबद्ध करणारा विष्णुदास नामा हा त्यांच्याहून वेगळा व उत्तरकालीन कवी. परंतु नामसादृश्यामुळे दोघांच्या रचनांची सरमिसळ होत आली. पुढे मुक्तेश्वर, श्रीधर व मोरोपंत यांनी महाभारतकथा घरोघर नेली. या आख्यानकवींची दृष्टी मुख्यतः भक्ती व नीतिबोध यांवर होती. व्यक्तिमनाचा शोध हा आधुनिक कादंबरीचा विषय झाला.

वि. स. खांडेकर यांच्या ययाति (१९५९) ह्या कादंबरीत ययाती, देवयानी व शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली कथा सांगतात. आदिपर्वात शापप्रसंगानंतर स्वर्गी परतणारा कच येथे पुन्हा येतो आणि ययातीच्या भोगलालसेसमोर संयमाचा आदर्श म्हणून उभा राहतो. खांडेकरांना १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. तो मिळविणारे ते पहिले मराठी साहित्यिक होत. शिवाजी सावंत यांच्या मृत्युंजय (१९६७) मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण व कृष्ण यांची आत्मनिवेदने आहेत. रणजित देसाई यांची राधेय (१९७३) ही कर्णावरच आहे. जन्मामुळे नाकारलेली योग्यता हा प्रश्न कर्णकथेतून मांडता येत असल्याने या कादंबऱ्या वाचकांना आपल्या काळाच्या वाटल्या.

या सहानुभूतीची एक मर्यादाही आहे. सभापर्वात द्रौपदीचे वस्त्र हिरावण्यास दुःशासनाला सांगणारा कर्णच असतो. नायकाचे उदात्तीकरण करताना हा दोष सौम्य होण्याचा संभव असतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. त्या आवृत्तीच्या आधारे इरावती कर्वे यांनी युगान्त (१९६७) मध्ये कर्णासह प्रमुख व्यक्तींचे गुणदोष परखडपणे तपासले. मृत्युंजय व युगान्त ही एकाच वर्षीची पुस्तके पुराणकथेकडे पाहण्याच्या दोन भिन्न वाटा दाखवितात. पहिलीत अन्याय सोसलेल्याला वाणी मिळते, तर दुसरीत त्याने केलेल्या अन्यायाचाही हिशेब घेतला जातो. अनेक मराठी वाचकांना कर्ण प्रथम कादंबरीतूनच भेटत असल्याने ही दुसरी वाट तितकीच आवश्यक ठरते.