मुंग्यांच्या आडून

आमच्या लहानपणी रेवदंड्यात टीव्ही असलेली घरं मोजकीच होती. कुणीतरी कौलांवर चढून अँटेना मुंबईकडे वळवायचा आणि खाली ओटीवरून ओरडा व्हायचा, ‘आलं, आलं... गेलं!’ खाऱ्या वाऱ्याने तारांचे सांधे गंजत. मग पडद्यावर मुंग्या नाचत. पण मुंग्यांच्या आडूनही बातम्या सांगणारा चेहरा दिसत राही.

त्या मुंग्या परवा पुन्हा भेटल्या, भाच्याच्या टेम्पोत. आमच्या वाड्यांतल्या वाटा अरुंद. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, गाडी वळवायला जागा नाही. भाच्याने रिव्हर्स टाकला, समोरचा छोटा पडदा उजळला, आणि त्यात मुंग्याच मुंग्या. “मामू, वायर बदलायला झाली,” तो म्हणाला. एवढ्यात त्या मुंग्यांतून एक सावली सरकली. त्याने करकचून ब्रेक दाबला. शेजारची तीन वर्षांची पोर चेंडूमागे धावत आली होती.

घरी आल्यावर या चित्राचा मागोवा घेतला. मोटारीला मागचा डोळा देण्याची कल्पना जुनी. अमेरिकेत १९५६ साली ब्यूक कंपनीने ‘सेंच्युरियन’ ही प्रदर्शनापुरती गाडी केली. तिला आरशाऐवजी टीव्ही कॅमेरा होता. विक्रीच्या गाडीत मागचा कॅमेरा यायला पुढे काही दशकं गेली. जपानमध्ये १९९१ च्या टोयोटा सोअररमध्ये तो मिळू लागला.

या कॅमेऱ्यांनी भाषा उचलली ती टीव्हीचीच. जर्मनीत टेलिफुंकन कंपनीचे वॉल्टर ब्रुख यांनी साठच्या दशकात ‘पाल’ पद्धत बसवली. तिच्यात रंगाचा संकेत एका ओळीला सुलट, तर पुढच्या ओळीला उलट जातो. वाटेत रंग बिघडला, तर दोन ओळींच्या चुका एकमेकींना खोडतात. १९८२ साली आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आलं ते याच पद्धतीने: ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रं. गाडीच्या कॅमेऱ्याला तर अँटेनाही नको. पिवळ्या पिनेच्या एकाच तारेतून उजेड, रंग आणि ताल असं सगळं पडद्यापर्यंत पोचतं.

अ‍ॅनालॉग चित्र ओळीमागून ओळ, जसं दिसतं तसं निघतं. तार गंजली तर ते मळतं, थरथरतं. पण जे दिसतं ते आत्ताचं असतं. डिजिटल चित्र तुटलं, तर काही यंत्रणांत शेवटचं चित्रच पडद्यावर गोठून राहतं. स्वच्छ, पण शिळं. चांगल्या यंत्रणा तसा इशारा देतात. साऱ्याच देतात असं नाही. त्या दिवशी वाट मोकळी असल्याचं गोठलेलं चित्र दिसलं असतं तर?

दूरदर्शनने आपले बहुतेक अ‍ॅनालॉग प्रक्षेपक २०२२ पर्यंत बंद केले. गाड्यांत मात्र अ‍ॅनालॉग टिकून आहे. दक्षिण कोरियाच्या नेक्स्टचिप कंपनीच्या ‘एएचडी’ पद्धतीने तशाच एका तारेतून ७२० आणि १०८० ओळींचं चित्र जाऊ लागलं. आपल्या देशात जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचा अडथळा ओळखणारे सेन्सर सक्तीचे झाले. कॅमेरा मात्र ज्याच्या त्याच्या खुशीवर राहिला.

भाच्याने दुसऱ्याच दिवशी वायर बदलली. आता पडदा लख्ख आहे. तरीही गाडी मागे घेण्याआधी तो एकदा खाली उतरून मागे बघून येतो. तुम्हीही बघत जा.