मोटारीच्या पाटीवरील इतिहास

आमच्या जाफराबादच्या बाजारांत उभ्या असलेल्या मोटारीवर ‘एमएच २१’ हीं अक्षरें दिसलीं कीं ती जालना जिल्ह्याची, असें शाळकरी पोरहि सांगतें. पण ही ओळख अलीकडची आहे. जालना जिल्हाच मुळीं १९८१ सालीं झाला. ही अक्षरपद्धति १९८८ च्या कायद्यानंतरची. १९४८ पर्यंत हा मुलूख निझामाचा होता, आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा १९३९ चा मोटार कायदा संस्थानांत आपोआप चालत नसे. संस्थानिकांच्या कित्येक विलायती गाड्यांवर तर क्रमांकाच्या जागीं संस्थानाचें नांवच मिरवत असे.

अशा जुन्या गाड्यांसाठीं केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें स्वतंत्र नियम केले. प्रथम नोंदणीस ५० वर्षें उलटलेली, मूळ सांगाडा व इंजिन फारसें न बदललेली खासगी गाडी त्यांत बसते. मग ती परदेशांतून आणलेली कां असेना. जकातखात्याचे आयातीचे कागद, विमा व नव्या नोंदणीचे २०,००० रुपये दिले म्हणजे १० वर्षांची सोय होते. रोजच्या वापरास मनाई. प्रदर्शन, संशोधन, रॅली, आणि हो, तेल भरावयास जाण्याची मुभा!

नव्या पाटीवर राज्याच्या अक्षरांपुढें ‘व्हीए’, मग दोन अक्षरें व चार अंक. जिल्ह्याचा पत्ता नाहीं. म्हणून मला या नियमांतील एकच कलम मोलाचें वाटतें: येथें पूर्वीं नोंदलेल्या गाडीस मूळ क्रमांक ठेवतां येतो. हैदराबाद संस्थानचा क्रमांक एखाद्या गाडीवर उरला असेल, तर तो बुडालेल्या राज्याचा शासकीय लेखच होय. ताम्रपट आपण जपतों. पत्र्याची पाटी मात्र भंगारांत जाते. आयात गाडीची उतरलेली परदेशी पाटी मालकानें निदान घरीं तरी ठेवावी.