दुष्काळातली मंडळी

नगर जिल्ह्यातल्या आम्हा ख्रिस्ती माणसांना एक वाक्य लहानपणापासून ऐकावं लागतं. "दुष्काळात बाटले, पोटासाठी गेले." मी ते शाळेत ऐकलं, तालुक्याच्या कचेरीत ऐकलं, एकदा लग्नाच्या पंगतीतही ऐकलं. माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं, पण या वाक्याला तिच्याकडे उत्तर होतं. आवाज न चढवता, भाकरी थापता थापता ती म्हणायची, "पोटासाठी गेलो म्हनत्यात. मंग पोट भरल्यावर म्हागारी का नाय आलो?"

हा प्रश्न मी आजवर कुणाला नीट विचारलेला नाही. आता विचारतो. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी जे सांगितलं त्यात धान्य मिळाल्याचा भाग थोडा आहे. धान्य संपल्यावर काय झालं, हा भाग फार मोठा आहे.

आमचं गाव नेवासे तालुक्यातलं. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली, तो पैसाचा खांब याच तालुक्यात. सह्याद्री ओलांडून पाऊस आमच्यापर्यंत येतो तेव्हा त्याच्याजवळ देण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ साली नगरला आले. १८४२ साली त्यांनी 'ज्ञानोदय' सुरू केला. पहिल्या काही दशकांत त्यांच्याकडे गेलेली माणसं थोडी, आणि त्यांत काही ब्राह्मणही होते. पुढे वडाळ्याला मिशनचं ठाणं झालं, तिथून मास्तर गावोगावच्या महारवाड्यांत जाऊ लागले, आणि गोष्ट आमच्या उंबऱ्यापाशी आली.

आजीचे सासरे, म्हणजे माझे पणजोबा, १८७६ ते ७८ च्या दुष्काळात सात-आठ वर्षांचे होते. त्यांनी ते दिवस आजीला सांगितले, आजीने मला. गावातली माणसं सरकारी कामावर खडी फोडायला गेली. सरकारी अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी मजुरी कापून दिवसाला जेमतेम एक पौंड धान्याइतकी केली होती, आणि मुंबई इलाख्यात मजुरांनी त्याविरुद्ध कामं सोडली होती. पणजोबांना टेंपल हे नाव माहीत नव्हतं. मापात कमी धान्य येतं एवढं माहीत होतं. मिशनकडून धान्य मिळालं, हेही ते लपवत नसत. मीही लपवणार नाही. त्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात बाप्तिस्मे वाढले, हे खरंच आहे.

पण आमच्या घरात एक तपशील फार आग्रहाने सांगतात. पणजोबांच्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला तो दुष्काळात घेतला नाही. पाऊस पडला, बाजरी आली, त्यानंतरची आणखी एक सुगी गेली, मग घेतला. मी आजीला विचारलं होतं, मग कशासाठी घेतला? ती म्हणाली, मास्तर त्यांच्या ओसरीवर बसून त्यांच्या घरची भाकर खायचा. पटकी आली तेव्हा तो गाव सोडून गेला नाही. आणि पोरांच्या हातात त्याने पाटी दिली. माणसाचा देवावर विश्वास बसायला याहून मोठं कारण लागतं, असं मला वाटत नाही.

बाप्तिस्म्याने काय मिळालं याचा हिशेब सगळे मांडतात. काय गेलं, याचा कुणी मांडत नाही. मेलेलं ढोर ओढायला नाही म्हटलं की बलुतं बंद. येसकरपाळी, म्हणजे गावकीच्या पहाऱ्याची पाळी, सोडली की हाडकी-हाडोळ्याच्या वतनी जमिनीवर बोट. सार्वजनिक विहीर आधीही बंद होती आणि नंतरही बंदच राहिली. भावकीत बसणं-उठणं तुटलं. सोयरिकी गावात होईनात, म्हणून सुना लांबच्या ख्रिस्ती घरांतून आणाव्या लागल्या. आजी स्वतः अशीच राहुरीकडून आलेली.

मग १८९६ चा दुष्काळ, त्यापाठोपाठ प्लेग, आणि प्लेग निवतो न निवतो तोच १८९९ चा दुष्काळ. यात गुरं इतकी मेली की नांगराला बैल उरले नाहीत, असं पणजोबा सांगत. नगरचे मिशनरी रॉबर्ट ह्यूम यांनी तेव्हा मदतकार्य केलं आणि सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. तिकडे केडगावला पंडिता रमाबाई दुष्काळातल्या मुली आणून सांभाळत होत्या. रमाबाईंच्या या कामामागे काय होतं, ते विसरता येत नाही. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात उपासमारीत त्यांचे आई-वडील आणि बहीण गेली, आणि त्या भाऊ श्रीनिवासाबरोबर पायी देशभर फिरल्या. दुष्काळाने ज्यांचं घर संपवलं, त्यांनीच वीस-बावीस वर्षांनी दुष्काळातल्या पोरींसाठी घर बांधलं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया रमाबाईंना 'बाई' एवढंच म्हणत. दुसरी बाई जणू नव्हतीच.

१९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, आजीच्या आठवणीतली. ती तेव्हा फार लहान होती. तिची आई गेली, मग धाकटा भाऊ गेला. पुरायला माणसं मिळेनात. आजीच्या वडिलांनी त्यानंतर बरेच दिवस उपासनेला जाणं सोडलं. ते काही बोलत नसत, फक्त रविवारी रानात निघून जात. आजी ही गोष्ट मान खाली न घालता सांगायची. श्रद्धा टिकवली म्हणताना आपण असं धरून चालतो की ती कधी हललीच नाही. आमच्या घरात ती हलली, रुसली, रानात जाऊन बसली. पाळकसाहेब त्यांना समजवायला आले तेव्हा त्यांनी उपदेश केला नाही. ईयोबाच्या पुस्तकातले तक्रारीचेच अध्याय वाचून दाखवले आणि निघून गेले. देवाला इतकं कडू बोललेलं शास्त्रात आहे, हे ऐकून आजीचे वडील पुढच्या रविवारी परत आले.

शास्त्र म्हणजे पवित्र शास्त्र, बायबल. आमच्या कोरडवाहू रानातल्या माणसांनी ते कसं ऐकलं असेल, याचा विचार करताना मला नेहमी वाटतं की हे पुस्तक आमच्यासारख्यांनाच चटकन कळतं. पाहावं तिथे दुष्काळ आहे. अब्राहाम दुष्काळामुळे मिसर देशात जातो. योसेफ सात वर्षांच्या दुष्काळासाठी कोठारं भरून ठेवतो आणि ज्या भावांनी त्याला विकलं, तेच धान्य मागायला त्याच्या दारात येतात. रूथची गोष्ट बेथलेहेमातल्या दुष्काळापासूनच सुरू होते. एलीयाला सारफथची विधवा भेटते ती शेवटच्या मूठभर पिठासाठी काटक्या गोळा करताना. आजीला रूथ फार आवडायची. परक्या गावात सासूचा हात न सोडणारी, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणारी. सरवा वेचणं म्हणजे काय, हे आजीला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. तिने आयुष्यभर तेच केलं होतं. शहरातल्या चर्चमध्ये या गोष्टींवर सुंदर प्रवचनं मी ऐकली आहेत. पण योसेफाचे भाऊ रिकामी पोती घेऊन येतात, या वाक्याशी आजी जशी थांबायची तसं कुणी थांबलेलं मी पाहिलं नाही.

वाचता न येणाऱ्या माणसांनी हे सगळं ध्यानात ठेवलं ते गाऊन. याचं मोठं श्रेय नारायण वामन टिळकांना आहे. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, पुढे ते नगरला आले, आणि ख्रिस्ताची भक्ती त्यांनी अभंगात आणि भजनात आणली. विलायती चालींवरची गीतं आमच्या आज्या-पणज्यांच्या गळ्यात नीट बसत नव्हती; टाळ-मृदंगावरचं भजन लगेच बसलं. ज्ञानेश्वर-तुकोबांच्या मुलखात ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. आजीला किती भजनं पाठ होती, देव जाणे. जात्यावर, खुरपताना, आजारी पोराच्या उशाशी, प्रत्येकाची वेगळी भजनं होती.

या पाठांतराचा उपयोग मंदीत झाला. १९२९ नंतर अमेरिकेतून येणारा पैसा आटला आणि मिशनला हात आखडता घ्यावा लागला. आमच्या गावची शाळा बंद झाली, मास्तर गेला. आता धान्य नव्हतं, शाळा नव्हती. टोमणा खरा असता तर मंडळी तेव्हाच मोडायला हवी होती. मोडली नाही. माझे आबा चौथीपर्यंत शिकलेले; ते कंदिलापाशी शास्त्र वाचत आणि बाया गात. पाळक दोन-तीन महिन्यांनी एकदा येई, प्रभुभोजन देई आणि जाई. मधल्या सगळ्या रविवारांची उपासना या माणसांनी स्वतः केली.

स्वातंत्र्यानंतरची अडचण वेगळ्या वाटेने आली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्या मिळाल्या. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. १९५६ सालीच डॉ. आंबेडकरांनी नागपूरला धम्म स्वीकारला आणि आबांच्या चुलतभावांची घरं बौद्ध झाली. एकाच वाड्यात एका घरावर निळा झेंडा, दुसऱ्या घरावर नाताळचा तारा. भांडण झालं नाही. मयताला, लग्नाला, बाळंतपणाला सगळे एकत्र. पण शिष्यवृत्तीच्या अर्जापाशी वाटा फुटत. काहींनी कागदावर हिंदू लिहिलं आणि रविवारी चर्चला आले. पोरांची फी भरायची असेल आणि घरात दाणा नसेल, तर त्या माणसाचा निवाडा करायला मी बसणार नाही. आबांनी मात्र माझ्या वडिलांच्या नावापुढे ख्रिस्तीच लिहायला लावलं, आणि वडिलांना मॅट्रिकनंतर शिकता आलं नाही. या निर्णयाबद्दल आबांना कधी वाईट वाटलं का, हे विचारायची हिंमत वडिलांनीही केली नाही. मला तो आदेश अन्याय वाटतो. गावाने आमची जात कधी पुसली नाही, पाणी वेगळंच ठेवलं. मग कायद्याने ती पुसल्याचं धरून चालावं, हे कसं?

१९७२ चा दुष्काळ मी स्वतः पाहिला. मी दहा वर्षांचा होतो. आजी साठीची होती तरी पाझर तलावाच्या कामावर माती वाहायची. सुट्टी बाजारच्या दिवशी असायची, म्हणून रविवारची उपासना रात्री. हातांना फोड आलेले, तरी टाळ वाजवायची. त्या वर्षी अख्ख्या गावाने सुकडी आणि अमेरिकेची लाल मिलो खाल्ली. पाटलाने खाल्ली, मारवाड्याने खाल्ली, आम्ही खाल्ली. परदेशी धान्य पोटात गेल्याने धर्म बदलत असता, तर त्या वर्षी निम्मा महाराष्ट्र ख्रिस्ती झाला असता. आमच्या गावात एकही झाला नाही. आजीचा प्रश्न मला खऱ्या अर्थाने कळला तो ही आठवण मोठेपणी पुन्हा तपासली तेव्हा.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. बाजरी निघाली, पण डोक्यावर दुकानदाराची उधारी होती. सुगीच्या उपासनेला पहिलं पीक देवापुढे ठेवायचं आणि मग त्याचा लिलाव करायचा, ही आमच्याकडची रीत. आजीने चार पायल्या बाजूला काढल्या. आबा म्हणाले, आधी उधारी फेडू, देव थांबेल. आजी म्हणाली, उधारीवाला थांबला नाही का वर्षभर, आणखी आठ दिवस थांबल. दोघंही आपल्या जागी बरोबर होते असं मला तेव्हा वाटलं होतं, आणि अजूनही वाटतं. शेवटी दोन पायल्या गेल्या. चर्चच्या आवारात लिलाव मांडला तेव्हा कोंबड्या, भोपळे, कणसांच्या पेंढ्या बघायला गावातली इतर माणसंही जमली होती. आजीच्या बाजरीवर शेवटची बोली लावली ती पाटलाच्या मळ्यातल्या एका शेतकऱ्याने. त्याने पैसे मोजले आणि पाटी खांद्यावर टाकून घरी नेली. घरी येताना आजी आबांना सांगत होती की दोन पायल्यांना भाव चांगला आला, चार दिल्या असत्या तर चर्चची पुढची भिंत झाली असती.