तीन हजार फेऱ्यांची वेठ

दुकानाच्या पायरीवर ठेवलेला छोटा पेट्रोल जनरेटर एक बल्ब लावला तरी तेवढाच दणाणतो, जेवढा चार पंख्यांना. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची. दोन ध्रुवांच्या अल्टरनेटरला ती द्यायची तर मिनिटाला 3000 फेरे घ्यावेच लागतात. त्यामुळे भार असो-नसो, इंजिन वेठीला धरलेलं.

मूळपुरुषाला ही वेठ नव्हती. फॅरडेने 1831 साली चुंबकाच्या हालचालीतून वीज काढून दाखवली आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये इपोलित पिक्सीने हाताने फिरवायचं यंत्र केलं. हात चालेल तशी वीज.

घरगुती शाखा निघाली 1916 साली, अमेरिकेत. मोटारीला सेल्फ-स्टार्टर देणाऱ्या चार्ल्स केटरिंगने तारा न पोचलेल्या शेतांसाठी ‘डेल्को-लाइट’ आणला. इंजिन थोडा वेळ चालवून काचेच्या बरण्यांतल्या बॅटऱ्या भरून घ्यायच्या. मग 32 व्होल्टवर दिवे निवांत जळत. पण हे बिऱ्हाड एका जागचं, उचलून न्यायचं नव्हे.

उचलून न्यायची शाखा जपानची. 1946 साली हमामात्सुत सोइचिरो होंडाच्या हाती लष्कराच्या वायरलेस संचांना वीज पुरवणाऱ्या जनरेटरची छोटी इंजिनं लागली. ती त्याने सायकलींना बसवली आणि त्यातून कंपनी उभी राहिली. जनरेटरच्या इंजिनावर वाढलेल्या या घराने 1965 साली ‘ई300’ हा हातात धरून नेण्याजोगा जनरेटर बाजारात आणला. पुढे आपल्याकडे याच कुळातले, पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचे जनरेटर दुकानोदुकानी दिसू लागले.

वेठ सुटली ती इन्व्हर्टर जनरेटरने. निघालेली वीज तो आधी डीसी करतो आणि 50 आवर्तनांची एसी इलेक्ट्रॉनिक्सकडून घडवून घेतो. फेऱ्यांशी आवर्तनांचा संबंध उरला नाही, म्हणून भार हलका असला की इंजिनही हळू चालतं. आवाज कमी, पेट्रोल कमी.

रात्री दिवे, वायफाय आणि लॅपटॉप चालवायचे असतील तर जास्त पैसे मोजून हाच घ्यावा. बांधकामावर कटर आणि ड्रिल चालवायचे असतील तर साधा पुरतो. फ्रिज जोडायचा असेल तर पाटीवरचे वॅट पाहून फसू नये: कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. त्यासाठी हिशेबात वाव ठेवावा आणि जनरेटरवर ‘मॅक्स’ नव्हे, ‘रेटेड’चा आकडा वाचावा.

धूर मात्र कुठल्याच शाखेला सुटलेला नाही. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून यंत्र घराबाहेर, खिडकी-दारापासून लांबच हवं. आणि घराच्या वायरिंगला जोडायचं तर इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवूनच. नाहीतर वीज उलटी लाइनवर चढते, आणि तिथे खांबावर वायरमन काम करत असतो.