डबल क्लच

१९९७ साली दिल्ली पोस्टिंगला क्वार्टर मिळेपर्यंत मुनिरक्याच्या डीडीए फ्लॅटमध्ये भाड्याने होतो. सोबत वडिलांची पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. ते गेल्यानंतर ती विकायचं मन होईना. पण आउटर रिंग रोडवर तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकलं की अशी करकरायची की शेजारचा स्कूटरवाला वळून बघे.

पहिल्या मेकॅनिकने क्लच प्लेट बदलली. पैसे गेले, आवाज राहिला. मग मुनिरका गावच्या गल्लीतला एक म्हातारा मिस्त्री म्हणाला, "फौजी साब, खडी गाडी में रिव्हर्स लगाओ." लागला, निमूट. रिव्हर्सला सिंक्रो नसतो. क्लच नीट सुटत नसेल तर तो आधी तिथे ओरडतो. ही तपासणी फुकटची होती, खर्चाआधी करायची!

सिंक्रो म्हणजे गिअरच्या निमुळत्या भागावर घासणारी पितळी रिंग. आधी दोघांचा वेग एक करते, मगच दात अडकू देते. अर्ल थॉम्पसन या अमेरिकन माणसाची ही युक्ती कॅडिलॅकने १९२८ मध्ये बाजारात आणली. त्याआधी ते काम ड्रायव्हरच्या पायांचं होतं. आमच्या जुन्या जीपलाही सिंक्रो फक्त दुसऱ्या-तिसऱ्याला. पहिला गिअर चालत्या गाडीत टाकायचा तर उस्तादांचा डबल क्लच. पद्मिनीचाही पहिला तसाच.

रिंग मिळायची काश्मिरी गेटला, पण गिअरबॉक्स उतरवायला वेळ हवा. तेवढ्यात मूव्हमेंट ऑर्डर आली, पुणे. बायको म्हणाली, ट्रेनने जाऊ, गाडी इथेच विका. मी ऐकलं नाही.

क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, अ‍ॅक्सिलरेटरचा एक ठोका, परत क्लच, मग दुसरा. सुमारे चौदाशे किलोमीटर हेच. जयपूरपर्यंत दर चुकीला बायको मोठ्याने आकडा मोजायची. उदयपूरनंतर मोजणं थांबलं. तिला झोप लागली होती.

पुण्यात गिअरबॉक्स उघडला. दुसऱ्याच्या रिंगेच्या आतल्या बारीक चऱ्या गुळगुळीत झालेल्या, आणि रिंग गिअरला दाबून धरली की मधे फीलर गेजचं सर्वांत पातळ पातंही शिरेना. नवी रिंग बसवली. डबल क्लचची सवय मात्र पायातून गेली नाही. परवा मुलाच्या नव्या गाडीत मी तसंच केलं, तर तो म्हणाला, "बाबा, काही बिघडलंय का?"