पंख टिकतात, इंजिन अडतं



जुनं विमान विकत घ्यावं का, हा प्रश्न आपल्यापैकी फार थोड्यांच्या वाट्याला येतो. पण जुनं इंजिन घ्यावं का, हा प्रश्न पुष्कळ घरांनी सोडवलेला आहे. विहिरीवर ऑइल इंजिन बसवायचं ठरलं की जाणती माणसं आधी काय विचारीत? ते पाणी किती उपसतं, हे नंतर. आधी विचारीत, "याचं सामान तालुक्याला मिळतं ना?" शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी लहान विमान घेणाऱ्यांना गेली शंभर वर्षं हाच प्रश्न पडत आला आहे. फरक इतकाच, की विहिरीवरचं इंजिन थांबलं तर माणूस मेकॅनिकला बोलवायला जातो. आकाशात तशी सोय नसते.

या गोष्टीची सुरुवात लंडनजवळच्या स्टॅग लेन या मैदानावर होते. २२ फेब्रुवारी १९२५ या दिवशी जेफ्री डी हॅविलंड यांनी आपलं नवं मॉथ विमान तिथं स्वतः उडवलं. दोन माणसांचं, लाकडी, आणि पंख मागं दुमडले की मोटारीच्या छपरीत मावेल असं हे विमान होतं. मॉथमुळं विमान सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आलं, असं इतिहासात लिहिलेलं असतं. ते खरंच आहे. पण त्या स्वस्ताईचं मूळ विमानात नव्हतं, इंजिनात होतं.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटिश सरकारकडं विमानांचं आणि इंजिनांचं डोंगराएवढं सामान उरलं. ते विकण्यासाठी एक कंपनीच निघाली होती. त्या सामानात फ्रेंच रेनो जातीची, आठ सिलिंडरांची इंजिनं होती. फ्रँक हॅलफर्ड या कुशल इंजिनिअरानं ती सुधारून १२० अश्वशक्तीपर्यंत नेली होती. डी हॅविलंडना लहान विमानासाठी हलकं आणि स्वस्त इंजिन हवं होतं. हॅलफर्डनं आठ सिलिंडरांची एक बाजू घेतली, तिला नवी पेटी बसवली, आणि चार सिलिंडरांचं ६० अश्वशक्तीचं इंजिन तयार केलं. त्याचं नाव सिरस. आपल्याकडं भंगारातून वस्तू उभी करणारे कारागीर गावोगाव असतात. ही त्यांच्याच जातकुळीतली करामत म्हणायची.

पण भंगाराच्या साठ्याला तळ असतो. मॉथ इतकी खपू लागली, की रेनोचे जुने भाग संपत आले. तेव्हा डी हॅविलंडनी हॅलफर्डकडूनच पूर्णपणे नवं इंजिन आखून घेतलं आणि ते आपल्याच कारखान्यात करायचं ठरवलं. हे गिप्सी, साल १९२७. दुसऱ्याच्या शिल्लक मालावर आपला धंदा उभा ठेवायचा नाही, हा तो निर्णय होता. पुढच्या पन्नास वर्षांत कोणती विमानं जगली आणि कोणती कोपऱ्यात पडली, याचं बरंचसं उत्तर मला या एका निर्णयात दिसतं.

सुट्या भागाचं मोल काय असतं, हे सांगणारी एक हकीकत आपल्याच माणसांची आहे. १९३० साली आगाखानांनी इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये एकट्यानं विमान नेणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले, तर ॲस्पी इंजिनिअर हा तरुण इंग्लंडहून इकडं येत होता. दोघांचीही विमानं जिप्सी मॉथच होती. इजिप्तमध्ये अबुकिर इथं टाटा उतरले, तर ॲस्पी तिथं अडकून पडलेला. कशासाठी? एका स्पार्क प्लगसाठी! टाटांनी जवळचा जादा प्लग त्याला देऊन टाकला, आणि ॲस्पीनं आपलं पाण्यात तरंगायचं जाकीट टाटांना दिलं. बक्षीस ॲस्पीला मिळालं, टाटा थोडक्या तासांनी मागं पडले. हाच ॲस्पी १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. दोघांचं इंजिन एकाच जातीचं होतं म्हणून तो प्लग कामाला आला, ही गोष्ट सांगताना बहुतेक जण गाळतात.

गिप्सीचं पुढचं रूप गिप्सी मेजर. यात सिलिंडर खाली लोंबतात आणि क्रँकशाफ्ट वर असतो. त्यामुळं विमानाचं नाक खाली राहतं आणि वैमानिकाला समोरचं नीट दिसतं. हेच इंजिन टायगर मॉथला बसलं. दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक टायगर मॉथवर शिकले, हिंदुस्थानातही शिकले. टायगर मॉथ आठ हजारांहून अधिक झाली आणि गिप्सी मेजर इंजिनं चौदा हजारांहून अधिक. युद्ध संपल्यावर फ्लाइंग क्लबांना विमानंही स्वस्त मिळाली आणि त्यांचं सामानही मुबलक मिळालं.

आता बंगळूरला येऊ. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या मदतीनं हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना उभा केला. तिथं डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली भारतात आखलेलं पहिलं शिकाऊ विमान तयार झालं. घाटगे कोल्हापूर भागातले, जर्मनीत गटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले. ऑगस्ट १९५१ मध्ये त्यांचं एचटी-२ उडालं. टायगर मॉथ कापडी, दुहेरी पंखांचं. हे सबंध धातूचं, एकेरी पंखांचं. पहिल्या नमुन्यात गिप्सी मेजर होतं. पण पुढं कारखान्यातून जी विमानं बाहेर पडली त्यांत १५५ अश्वशक्तीचं सिरस मेजर बसवलं गेलं.

नाव ओळखीचं वाटलं ना? रेनोच्या अर्ध्यातून निघालेलं सिरस ते हेच घराणं. मालक बदलत बदलत १९३४ मध्ये ते ब्लॅकबर्न कंपनीकडं आलं होतं, आणि आता जुन्या रेनोचं त्यात काही राहिलं नव्हतं. इंजिन म्हणून ते वाईट नव्हतं. एचटी-२ दीडशेहून अधिक झाली, हवाई दलाच्या कित्येक तुकड्या तिच्यावर शिकल्या, घानाच्या नव्या हवाई दलालाही काही दिली गेली. पण ब्लॅकबर्नचं लक्ष फ्रेंच पद्धतीच्या छोट्या टर्बाइनांकडं वळलं. १९६१ मध्ये ब्लॅकबर्नची इंजिनशाखा आणि डी हॅविलंडचा इंजिन कारखाना, दोन्ही ब्रिस्टल सिडली या एकाच कंपनीत गेले. तेव्हापासून दोन्ही इंजिनं पोरकीच. पण गिप्सी मेजरचं गोत मोठं होतं, जगभर त्याचे भाग पडलेले होते. सिरस मेजरचं गोत लहान.

मग दुसरं इंजिन का बसवू नये, असं कोणीही विचारील. बसवता येतं. एचटी-२ वर अमेरिकन लायकमिंग लावून पाहिलं गेलं, आणि परदेशात ग्लायडर ओढणाऱ्या काही चिपमंक विमानांनाही ते बसवलं. पण हे बैल बदलण्याइतकं सोपं नाही. जुन्या ब्रिटिश इंजिनाचे सिलिंडर एका ओळीत, तर लायकमिंगचे दोन्ही अंगांना आडवे. म्हणजे नाकाची पेटी नवी. आटे वेगळे, म्हणून पाने वेगळे. वैमानिकाच्या जागेवरून पाहिलं तर गिप्सी मेजर पंखा डावीकडं फिरवतं, लायकमिंग उजवीकडं. त्यामुळं धावपट्टीवर विमान उलट्या बाजूला ओढतं आणि ते आवरायला दुसरा पाय दाबावा लागतो. तोल पुन्हा काढायचा, सरकारी मंजुरी पुन्हा घ्यायची. एवढा खर्च करण्यापेक्षा नवं विमान घेतलेलं बरं, असं हिशेबनीसाला वाटलं तर त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही.

बंगळूरच्याच कारखान्यानं सप्टेंबर १९५८ मध्ये पुष्पक उडवलं. क्लबांसाठी केलेलं हे साधं, कापडी विमान. ९० अश्वशक्तीचं अमेरिकन काँटिनेंटल इंजिन. एचटी-२ पुढं ते गरिबाघरचं दिसतं, आणि त्याचं कौतुकही कमीच झालं. पण त्याच इंजिनाचा धाकटा भाऊ सेसना १५० या विमानात बसला, आणि ती मालिका वीस हजारांहून अधिक विमानांची झाली. ज्या इंजिनाचं सामान जगातल्या प्रत्येक क्लबला लागतं, ते करणारा कुणीतरी असतोच. पुष्पकची निवड मला म्हणूनच शहाणपणाची वाटते.

अर्थात सामान मिळतं म्हणजे सगळं मिळतं असं नव्हे. १९८० च्या दशकात एचटी-२ ची जागा एचपीटी-३२ नं घेतली. त्यात लायकमिंग होतं, भागांचा तुटवडा पडावा असं ते इंजिन नव्हे. तरी ते हवेत बंद पडून अपघात होत राहिले. जुलै २००९ मध्ये दोन प्रशिक्षक वैमानिक मरण पावले आणि ही विमानं उडवणं थांबवण्यात आलं. इंजिन विमानात कसं बसवलं आहे, त्याला इंधन कसं पोचतं, हे प्रश्न भागांच्या यादीत दिसत नाहीत.

ऑक्टोबर १९८२ मध्ये टाटा विमानसेवेला पन्नास वर्षं झाली, तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जे. आर. डी. कराचीहून मुंबईला पुन्हा एकटे उडत आले. विमान लेपर्ड मॉथ, त्यात गिप्सी मेजर. एचटी-२ आज पाहायचं तर संग्रहालयात जावं लागतं. तिच्याहून वीस वर्षांनी थोरलं टायगर मॉथ मात्र ८ ऑक्टोबर २०१२ रोजी, हवाई दल दिनाला, हिंडनच्या तळावर लोकांच्या डोक्यावरून गेलं. त्याची डागडुजी ब्रिटनमध्ये झाली होती. तिथं डक्सफर्डला एक छोटी कंपनी या विमानांचे आणि इंजिनांचे जुने नकाशे आजही सांभाळून बसली आहे.