दांडीवरची छोटी सीट

सायकल म्हटली की आम्हा गोवेकरांना आधी पदेर आठवतो, आणि सकाळच्या पारी वाजणारा त्याचा तो भोंगा. पण ह्याच सायकलने देशभर कितीतरी लहान मुलांना बालवाडीत नेऊन पोचवले, तेही थंडीच्या दिवसांत, ह्याची नोंद सहसा कोणी घेत नाही. आज त्याविषयी थोडेसे.

मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा १८६७ साली झाला. वैनगंगेकाठचा हा मुलूख त्याआधी नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता, आणि १९५६ पर्यंत त्याची राजधानी नागपूरच होती. पुढे शेजारचा भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तिथली पोवारी बोली कानावर पडली की मराठी माणूस आजही थबकतो. १९०३ मध्ये गोंदिया-नैनपूर ही अरुंद रेल्वे सुरू झाली. त्या गाडीने गावे जोडली. घर ते शाळा हे अंतर मात्र पायांसाठी आणि पुढे सायकलसाठी उरले.

सुरुवातीला सायकली विलायतेहून येत. मग १९३९ मध्ये मुंबईत हिंद, १९५१ मध्ये सोनिपतला ॲटलास, १९५६ मध्ये लुधियान्याला हीरो असे कारखाने उभे राहिले. नमुना मात्र विलायतीच राहिला : उंच चाके, वर आडवी दांडी, जड सांगाडा. एका प्रौढ पुरुषासाठी केलेले हे वाहन! त्यात मुलांची जागा आपल्या लोकांनी शोधली. धाकट्याला दांडीवर छोटी सीट, थोरल्याला मागे कॅरियर. त्याहून मोठा झाला की तो दांडीखालून पाय घालून स्वतःच चालवू लागे. हिंदीत त्याला 'कैंची' म्हणतात.

थंडीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पायडल मारणाऱ्याला ऊब येते, पण दांडीवरचे मूल हलत नाही आणि समोरचा वारा तेच झेलते. म्हणून कानटोपी, मोजे आणि बापाच्या शालीचा पुढे ओढलेला पदर. एवढ्यावर भागत असे.

दोन वर्षांमागे डिसेंबरात कान्हाला जाताना बालाघाटात मुक्काम पडला. पणजीत पारा विशीखाली आला तरी आम्ही स्वेटर शोधतो. तिथे सकाळी सातला बोटे वाकत नव्हती. काली पुतली चौकाजवळच्या चहाच्या गाड्यावर एक गृहस्थ भेटले. दांडीवर चार-पाच वर्षांची मुलगी, नाकापर्यंत मफलर. मी म्हटले, "भाईसाहेब, एवढ्या थंडीत?" ते हसून म्हणाले, थंडीला शाल आहे, ट्रकला काय आहे?

त्या उत्तरात सगळे आले. भरवेली, उकवा ह्या मँगनीजच्या खाणींचा हा जिल्हा, शिवाय भाताचा. माल वाहणारी जड वाहने आणि दांडीवरचे मूल एकाच रस्त्यावर. खाणपट्ट्यातल्या आपल्या गोवेकरांना हे चित्र वेगळे सांगायला नको.

नेदरलँड्समध्येही असेच झाले होते. १९७१ ह्या एका वर्षात तिथे चारशेहून अधिक मुले रस्त्यावर मेली. १९७२ पासून 'बालहत्या थांबवा' ह्या घोषणेखाली आईबाप रस्त्यावर उतरले, आणि हळूहळू सायकलींच्या वेगळ्या वाटा झाल्या. हिवाळा तिथे आपल्याहून कितीतरी कडक, तरी आजही तिथले आईबाप मुलांना सायकलीवर बसवून शाळेत सोडतात.

आपल्याकडे मोटारसायकलवर चार वर्षांखालच्या मुलाला हेल्मेट आणि पट्टा हवा, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा, असा केंद्राचा नियम २०२२ मध्ये झाला. चांगलेच झाले. पण सायकलवरच्या मुलाचा धोका सायकलीच्या वेगात नसतो, तो शेजारून जाणाऱ्याच्या वेगात असतो. शाळा भरताना आणि सुटताना तासभर जड वाहने थांबवणे, शाळेच्या वाटेवर गतिरोधक घालणे, ह्याला कितीसा खर्च येतो? सरकारी कचेरीत फायली हलवता हलवता चाळिशी उलटलेल्या माझ्यासारख्याला ठाऊक आहे, की अशी फाईल पैशांसाठी अडत नाही. ती कोणी मागत नाही, म्हणून पडून राहते.

मागायला हवी.